गुरुवारच्या चकमकीपलीकडे : स्कॉटिश संसदेची मोफत माहितीसेवा

कामकाज थेट दाखवणारी ‘स्कॉटिश पार्लमेंट टीव्ही’ ही वाहिनी, ‘ऑफिशियल रिपोर्ट’ हा जवळजवळ शब्दशः अहवाल आणि लेखी प्रश्नोत्तरांचा शोध या तिन्ही सुविधा एडिनबरोच्या होलीरूडमधील संसद कुणालाही विनामूल्य देते. १९९९ साली आरोग्य, शिक्षण, न्याय यांसारखे विषय लंडनकडून या संसदेकडे आले आणि त्यांबाबत स्कॉटिश सरकारला जाब विचारण्याचे काम तिथल्या १२९ आमदारांकडे आले. ते काम कसे चालते हे समजून घ्यायचे असेल, तर या सेवेची मी मनापासून शिफारस करेन.

बहुतेकांचे लक्ष असते ते गुरुवारी दुपारी बारा वाजता फर्स्ट मिनिस्टरला, म्हणजे स्कॉटिश सरकारच्या प्रमुखाला, विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांकडे. विरोधी नेत्यांचे उपप्रश्न आगाऊ कळवलेले नसल्याने उत्तर देणाऱ्याची तयारी तिथे उघडी पडते, हे खरे. तरीही केवळ प्रक्षेपण पाहून हाती फारसे लागत नाही, कारण दिलेले उत्तर प्रश्नाला धरून आहे की नाही याचा निवाडा पीठासीन अधिकारी करत नाहीत. मंत्र्यांनी लंडनच्या सरकारकडे बोट दाखवून वेळ मारून नेली, तरी पुढचा प्रश्न पुकारला जातो. नेमकी बगल कुठे दिली गेली, हे त्याच संध्याकाळी येणारा अहवाल सावकाश वाचला की लक्षात येते. चुकीची माहिती दिल्याचे सदस्याने नंतर मान्य केले, तर त्याची दुरुस्ती अहवालात नोंदवली जाते, ही सोय मला फार मोलाची वाटते.

या सेवेचे खरे बळ मात्र लेखी प्रश्नांत आहे. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो (२०२१ ते २०२६ या कार्यकाळातील क्रमांक ‘एस६डब्ल्यू’ने सुरू होतात) आणि प्रश्न कुणी व कधी दिला, उत्तर कोणत्या मंत्र्याने कधी दिले, हे सारे एकाच पानावर दिसते. अधिवेशन चालू असताना उत्तरासाठी साधारणपणे कामकाजाच्या दहा दिवसांची मुदत असते. ‘शक्य तितक्या लवकर उत्तर देऊ’ असे तात्पुरते उत्तर देऊन ती पाळल्यासारखे दाखवता येते, आणि ‘ही माहिती एका ठिकाणी एकत्रितपणे ठेवली जात नाही’ हे वाक्य तर वाचकाला वारंवार भेटते. पण असे उत्तरही क्रमांक आणि तारखेसह कायमचे नोंदले जाते, त्यामुळे चिवट आमदार त्याच धाग्यावरून पुढचा, अधिक नेमका प्रश्न टाकू शकतो.

नवख्याने सुरुवात समित्यांच्या बैठकांपासून करावी. फर्ग्युसन गोदीला २०१५ साली दिलेले दोन फेरीबोटींचे ९७ दशलक्ष पौंडांचे कंत्राट लांबतच गेले आणि त्यातली ‘ग्लेन सॅनॉक्स’ प्रवाशांसाठी धावू लागली ती थेट जानेवारी २०२५ मध्ये. या प्रकरणी तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांची साक्ष लोकलेखा समितीने नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतली. एकाच विषयावर प्रश्नामागून प्रश्न विचारण्याइतकी सवड सभागृहात मिळत नाही, ती समितीत मिळते. समित्यांचे अहवाल सभागृहाच्या अहवालाइतके झटपट येत नाहीत. तोवर बैठकीचे चित्रीकरण वाहिनीच्या संग्रहात पाहता येते.