लायब्ररीतला गोष्टींचा अर्धा तास आणि माझी दोन वांड नातवंडं

न्यू जर्सीला लेकीकडे येऊन मला चार महिने झाले. नातू साडेतीन वर्षांचा, नात दोनची, आणि दोघांनाही एका जागी बसायचं वावडं. थंडीत त्यांना न्यायचं तरी कुठे? म्हणून लेक आम्हाला दर मंगळवारी गावच्या पब्लिक लायब्ररीत ‘स्टोरी टाइम’ला सोडते. साडेदहाला, अर्धा तास, फुकट. नऊ वेळा जाऊन आले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी माझ्या पोटात गोळा होता. वाचनालय म्हटलं की मला ‘शांतता राखा’ची पाटी आणि चष्म्यावरून बघणारे ग्रंथपालच आठवतात. इथे नातवाने आल्या आल्या व्हीलचेअरवाल्यांसाठीचं दाराचं बटण हेरलं. दाबलं की दार आपोआप उघडतं. सहा वेळा उघडलं. कुणी डोळे वटारले नाहीत.

मी तीस वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे माझं लक्ष गोष्टीपेक्षा गोष्ट सांगणाऱ्या बाईंकडेच जास्त. नमस्काराचं गाणं, एक पुस्तक, लगेच उभं राहून उड्या, दुसरं पुस्तक, अंड्याच्या आकाराचे खुळखुळे, शेवटी साबणाचे फुगे. मुलं चुळबुळायच्या जरा आधीच त्या त्यांना उठवतात. एकदा तर पुस्तक अर्ध्यात मिटून बाजूला ठेवलं, आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मला हे जमायला दहा वर्षं लागली होती. मुलं येईनात तेव्हा बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्याच अंगणात बालवाडी नेली, ते उगाच नाही.

फ्लॅनेलचा फळा, म्हणजे चित्रं नुसती टेकवली की धरून ठेवणारा कापडी फळा, बघून तर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आम्ही चित्रांच्या पाठीला पॉलिश पेपर चिकटवायचो, इथे चित्रंच कापडाची. तिसऱ्या आठवड्यात नातीने पळत जाऊन फळ्यावरचं एक बदक पळवलं. बाई म्हणाल्या, “एक उडालं, आता किती राहिली?” आणि मोजायला लागल्या! मी मात्र शरमेने लाल. मूल फारच पिसाळलं तर बाहेर न्या, फिरवा, परत आणा, असं त्या सुरुवातीलाच सांगतात. तेव्हापासून मी दाराजवळची जागा धरते. पुढे बसायच्या भानगडीत पडू नका.

गाण्यांचा इतका मारा कशाला, असं मला वाटायचं. तिथल्या एका पत्रकात लेकीने वाचून दाखवलं: मुलांशी बोला, गा, वाचा, लिहा, खेळा. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटना २०११ पासून पालकांना हीच पाच कामं सांगतायत म्हणे. म्हणजे हा कार्यक्रम निम्मा आम्हा मोठ्यांसाठीच आहे. मागे मोबाइल बघत बसणाऱ्या आयांना ते कोण सांगणार!

तक्रारी आहेत. पंचवीसच टोकन देतात, तीही पंधरा मिनिटं आधी. एकदा हात हलवत परतलो, तेव्हा नातवाने लॉबीत लोळण घेतली. दोन लहान मुलांची जॅकेटं, टोप्या, हातमोजे उतरवायलाच दहा मिनिटं जातात, हे धरून निघा. खायला बंदी आहे. माझी चिवड्याची पुडी पकडली गेली, तेव्हा घरूनच खाऊ घालून न्या. आणि गोष्टी अगदीच पातळ. पानावर एक वाक्य, की झालं. लोडशेडिंगमध्ये आम्ही एका भोपळ्यावर तासभर काढायचो. भारतीय भाषांच्या कपाटात मराठीची चार पुस्तकं सापडली, तीही मोठ्यांची.

तरी पाचातले चार तारे.

कालच नातवाच्या जॅकेटच्या खिशात एक पिवळा खुळखुळा सापडला. येत्या मंगळवारी आठवणीने परत न्यायचाय.