हेल्मेट १४ महिने वापरलं, त्याचा रिव्ह्यू (सक्तीसकट)

ब्रँडचं नाव टाकत नाहीये, कारण तक्रारी आहेत आणि उगाच वाद नको. जून २०२४ मध्ये पुण्यात नाना पेठेतून घेतलं, फुल फेस, साधी काच, ५८० साईज (म्हणजे डोक्याचा घेर मिलिमीटरमध्ये), १४५० रुपये. दुकानदार १६५० वर अडून बसला होता, मी उठायला लागले तसा खाली आला. बिलात १८ टक्के जीएसटी. म्हणजे नाही घातलं तर दंड आणि घ्यायला गेलं तर त्यावर पण टॅक्स, हे मला अजून पचलेलं नाही.

आधी वाईट काय ते. काचेवर चार महिन्यांत चरे पडले, रात्री समोरून गाडी आली की सगळा प्रकाश फाटतो. पावसात आतून वाफ धरते, भांड्याच्या साबणाचा थेंब चोळून कोरडं पुसलं की दोन-तीन दिवस बरं जातं. माझ्या स्कूटरच्या डिकीत हे मावतच नाही, त्यामुळे मंडईत भाजी घेताना एका हातात पिशवी आणि कोपराला हे लोंबतंय असं फिरावं लागतं. अंबाडा घातला तर बसत नाही, स्कार्फवरून घातलं तर कान दुखतात. चष्म्याची काडी मात्र नीट जाते आणि आतलं कापड काढून धुता येतं, ते आवडलं. बकल कटकट करत घट्ट होणारं आहे, ते एकदम मस्त. घेताना बकल लावून मागून पुढे ढकलून बघा, निघालं तर एक साईज कमी घ्या.

आता खरी गंमत अशी की मेन फीचर, म्हणजे आपटल्यावर डोकं वाचतं का, ह्याचा रिव्ह्यू मी देऊच शकत नाही. मी पडले नाहीये आणि पडून बघायची हौस पण नाही. कुकर घेतला तर पहिल्याच दिवशी कळतं शिट्टी होते का नाही. इथे आतलं थर्माकोल नीट दाबाचं आहे का टीव्हीच्या खोक्यातलं, बाहेरून काय कळणार? म्हणून मी आयएसआयचा शिक्का बघितला, त्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबर, सरकारच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला आणि कंपनीचं नाव आलं तेव्हाच पैसे दिले. आयएस ४१५१, म्हणजे हेल्मेटचं सरकारी मानक, त्याच्या टेस्टमध्ये डोक्याच्या आकाराच्या साच्यावर हेल्मेट चढवून ते लोखंडी ऐरणीवर आपटतात. ते काम मी घरी करू शकत नाही, दुकानदार करणार नाही, तिथे मला सरकार पाहिजेच. १ जून २०२१ पासून शिक्का नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी फूटपाथवर अडीचशेला टोपल्या मिळतातच ना. आणि चौकात तुमच्या डोक्यावर काहीतरी गोल दिसलं की झालं, ते काय आहे हे कोणी बघत नाही. सक्ती करायचीच तर आधी त्या टोपल्यांवर करा की, माझी पावती नंतर फाडा.

हे मी घरी बोलले आणि बाबा सुरू झाले. बाबा म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी सक्ती जोरात सुरू केली तेव्हा लोक पगड्या घालून रस्त्यावर उतरले होते ना, त्या पार्टीतले. माझं डोकं, माझा प्रश्न, आधी खड्डे बुजवा. त्यांचा आवडता मुद्दा असा की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ मध्ये शिखांच्या पगडीला सूट आहे, मग पुणेरी पगडीने काय घोडं मारलंय! दंडाचा विषय काढला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १००० रुपये आणि तीन महिने लायसन्स रद्द असं आहे, तर म्हणे हीच तर दादागिरी.

वर माझा चुलतभाऊ अमेरिकेत बोस्टनला असतो, त्याने आगीत तेल ओतलं. त्याच्या राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये, हेल्मेट कंपल्सरी आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये मोठ्या माणसांना नाही, त्यामुळे बाईकवाले बॉर्डर ओलांडली की हेल्मेट काढून मागे बांधतात म्हणे, आणि तिथल्या नंबरप्लेटवरच लिहिलंय, स्वतंत्र जगा नाहीतर मरा. बाबा खूश. तिकडे १९६६ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हेल्मेटचा कायदा करायला लावला, नाहीतर हायवेचे पैसे कापू म्हणून, आणि १९७६ मध्ये ती अट निघाल्यावर बऱ्याच राज्यांनी कायदा सैल केला. फ्लोरिडाने २००० साली २१ वर्षांवरच्यांना सूट दिली पण दहा हजार डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स पाहिजे ह्या अटीवर. हे बाबांना फारच पटलं, आपलं आपण निस्तरायचं. मी म्हटलं तिकडे डोक्याच्या ऑपरेशनला दहा हजारात काय होणार, आणि तुम्ही आयसीयूत असाल तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर इन्शुरन्स कंपनी नाही, मी आणि आई बसणार आहोत. त्यावर ते पेपर वाचायला लागले.

पण खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मी सुद्धा फक्त सिग्नलच्या कॅमेऱ्याला घाबरूनच घालत होते, कोपऱ्यावर दूध आणायला जाताना नाहीच. मग सवय झाली. आता नसलं की चप्पल न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं. म्हणजे सक्तीने माझ्यावर काम केलं, आणि हे मला बाबांसमोर अजिबात कबूल करायचं नाहीये. मोठे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे, हेल्मेटने मरण्याचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याला मार लागायचा ६९ टक्के कमी होतो, तो पण मी त्यांना फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

स्टार साडेतीन. एक काचेचा कापला, अर्धा डिकीचा. बदलायची काच त्याच दुकानात मिळते पण आधी फोन करून जा, मला दोन हेलपाटे पडले.

परवा बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझं आम्हाला बसेल का गं. नाही बसत, त्यांना ६०० लागेल. साताऱ्याला जाताना हायवेला लागेल म्हणाले, गावात नाही. आणते. घालायचं का कोपराला लटकवायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.