प्लेस्टेशन 5 स्लिम, डिस्क आवृत्ती: ड्राइव्हसाठी दहा हजार रुपये जास्त द्यावेत का?

टीव्हीला जोडून गेम खेळण्याचा सोनीचा कन्सोल प्लेस्टेशन 5 स्लिम भारतात एप्रिल 2024 मध्ये दोन आवृत्त्यांत विक्रीला आला, तेव्हा डिस्क ड्राइव्ह असलेल्या कन्सोलची किंमत 54,990 रुपये आणि ड्राइव्ह नसलेल्या डिजिटल आवृत्तीची 44,990 रुपये होती. प्रोसेसर, ग्राफिक्स, 1 टीबीची एसएसडी (गेम साठवण्याची आतली वेगवान जागा), कंट्रोलर असे बाकी सारे दोन्हींत सारखेच असल्याने दहा हजारांचा फरक फक्त त्या ड्राइव्हचा होता. या कन्सोलच्या चित्रांबद्दल आणि वेगाबद्दल आजवर भरपूर लिहिले गेले आहे. या परीक्षणात मी केवळ एवढेच तपासणार आहे की विकत घेतलेला गेम राहतो कुठे, किती जागा घेतो आणि पैसे मोजल्यावर तो कितपत आपला होतो. डिस्क आवृत्ती आणि तिच्यात बसवलेली जादा एसएसडी मी घरी नेहमी वापरतो, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या बहुतेक ग्राहकांनी हे दहा हजार जरूर खर्च करावेत. मात्र ड्राइव्ह घ्यायची जी कारणे सर्रास सांगितली जातात, ती आता तशीच खरी राहिलेली नाहीत.

डिस्क घेतली की जागेची आणि डाउनलोडची कटकट संपली, असे पुष्कळ लोक गृहीत धरतात. प्रत्यक्षात या कन्सोलवर कोणताही गेम डिस्कवरून थेट चालत नाही. तो आधी पूर्णपणे एसएसडीवर उतरवावा लागतो आणि त्यानंतरही खेळताना दर वेळी डिस्क ड्राइव्हमध्ये असावीच लागते. कारण वेगात आहे. ब्लू-रेचा, म्हणजे या गेमच्या डिस्कच्या प्रकाराचा, मूळ वेग सेकंदाला साधारण साडेचार एमबी असतो आणि दसपट वेगाने फिरवली तरी डिस्क सेकंदाला पंचेचाळीस एमबीच्या आसपास मजकूर देते, तर या कन्सोलची एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचते. म्हणजे शंभरपटीहून अधिक तफावत. आजचे गेम या वेगावर विसंबून रचलेले असतात: खेळाडू वळला की समोरचे दृश्य त्या क्षणी एसएसडीतून ओढले जाते. कन्सोलचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च 2020 मधल्या आपल्या व्याख्यानात सांगितले होते की जुन्या हार्ड डिस्कच्या काळात फिरत्या तबकडीवरून मजकूर वाचणाऱ्या हाताची धावपळ कमी करण्यासाठी एकच वस्तू त्याच गेममध्ये शेकडो ठिकाणी पुन्हा पुन्हा साठवावी लागे. एसएसडीने ती उधळपट्टी थांबवली, पण त्याबरोबर डिस्कचे काम गेम पोहोचवण्यापुरते आणि मालकीचा पुरावा देण्यापुरते उरले.

तरीही पोहोचवण्याच्या या कामाला आपल्याकडे मोठी किंमत आहे. एका अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कवर 100 जीबीपर्यंत मजकूर मावतो. ज्या घरात फायबरचे कनेक्शन आहे, तिथे तेवढा गेम रात्रीतून उतरतो; पण ज्या तालुक्याच्या गावात इंटरनेट म्हणजे रोज 2 जीबी देणारा मोबाइलचा रिचार्ज, तिथे त्याच गेमला पन्नास दिवसांचा डेटा लागेल. डिस्कवरून हेच काम तास-दीड तासात उरकते. पुढच्या दुरुस्त्यांचे अपडेट उतरवावे लागतातच, पण मूळ गेम हाती आलेला असतो आणि तो खेळायला सुरुवात करता येते.

आता प्रत्यक्ष ड्राइव्हकडे वळतो. स्लिममध्ये तो कन्सोलच्या अंगचा भाग राहिलेला नाही. खालच्या बाजूचे पांढरे आवरण ओढून काढले की अर्धगोलाकार फुगवट्याचा एक सुटा खोका दिसतो, जो खाचेत नीट दाबला की खट्कन बसतो आणि तितक्याच सहजपणे निघतोही. स्क्रू नाही, वायर नाही. ही रचना मला मनापासून आवडली, कारण कन्सोलमध्ये सर्वांत आधी बिघडणारा भाग बहुधा ड्राइव्हच असतो: धुळीने लेन्स मंदावते, डिस्क आत ओढणारे रोलर झिजतात. 2020 च्या मूळ मॉडेलमध्ये ड्राइव्ह त्या विशिष्ट मदरबोर्डशी जखडलेला असल्यामुळे तो बिघडला की दुसऱ्या कन्सोलचा ड्राइव्ह आणून बसवण्याची सोय नव्हती. स्लिममध्ये ती आहे, आणि आपल्या धुळीच्या देशात तिचे मोल अधिक आहे.

पण याच रचनेत या कन्सोलचा सर्वांत गंभीर दोषही आहे. ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना कन्सोल इंटरनेटवरून सोनीच्या सर्व्हरशी बोलून त्याची नोंद करतो, आणि ही नोंद झाल्याखेरीज ड्राइव्ह डिस्क वाचत नाही. एकदा नोंद झाली की पुन्हा विचारणा होत नाही, रोजच्या वापरात काही जाणवत नाही. मात्र आणखी वीस वर्षांनी ड्राइव्ह बदलायची वेळ आली आणि तेव्हा ते सर्व्हर बंद झालेले असले, तर कपाटातल्या सगळ्या डिस्क धडधाकट असूनही निरुपयोगी ठरतील. ज्या वस्तूचा सारा भरवसा आपल्या हातात असण्यावर आहे, तिच्या किल्लीचा एक भाग कंपनीने स्वतःकडे ठेवून घ्यावा, हे मला मुळीच पटत नाही. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत ‘मीडिया’ आणि ‘समुराई’ या नावांनी आलेल्या कन्सोलची कार्ट्रिज ज्यांनी जपून ठेवली आहेत, त्यांना आजही ती खाचेत घालून गेम सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही.

साठवणुकीच्या जागेबाबत स्लिमची कामगिरी समाधानकारक आहे. मूळ कन्सोलमध्ये 825 जीबीपैकी 667 जीबी वापरायला मिळत. स्लिममध्ये 1 टीबीपैकी सुमारे 840 जीबी मिळतात. मोठे गेम शंभर जीबीच्या अलीकडे-पलीकडे असतात, त्यामुळे सात-आठ गेम झाले की जुना काढून नव्याला जागा करावी लागते. सप्टेंबर 2025 मध्ये युरोपात आलेल्या नव्या डिजिटल आवृत्तीत सोनीने ही जागा पुन्हा 825 जीबीवर आणली, आणि मेमरी चिपच्या वाढत्या किमती पाहता ज्या आवृत्तीत प्रत्येक गेम डाउनलोडच करावा लागतो, तिचीच जागा कमी व्हावी हे ग्राहकाच्या दृष्टीने वाईट लक्षण आहे. खरेदी करताना खोक्यावरचा आकडा वाचून घ्यावा.

जागा वाढवण्याची सोय मात्र या कन्सोलची खरी जमेची बाजू आहे. बाजूचे आवरण सरकवून काढले की आत एम.2 एसएसडीची (छोट्या पट्टीसारखी सुटी एसएसडी) जागा सापडते. एक स्क्रू काढायचा, छोटी गोल धातूची कडी आपल्या एसएसडीच्या लांबीनुसार योग्य भोकात ठेवायची, एसएसडी तिरकी सरकवून खाली दाबायची आणि स्क्रू परत लावायचा. कन्सोल सुरू होताच तो एसएसडी फॉरमॅट करून घेतो आणि तिचा वेग मोजून दाखवतो. इथे कोणत्याही एका कंपनीची सक्ती नाही. पीसीआयई (एसएसडीच्या जोडणीचा प्रकार) चौथ्या पिढीची, सेकंदाला 5,500 एमबी किंवा अधिक वेगाने वाचणारी, 250 जीबी ते 8 टीबी क्षमतेची एसएसडी चालते. फक्त उष्णता शोषणारा हीटसिंक बसवलेला हवा आणि तो धरून एकूण जाडी 11.25 मिलिमीटरच्या आत हवी. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाताना ही जाडी कागदावर लिहून न्यावी, कारण संगणकासाठीचे कित्येक हीटसिंक त्याहून जाड असतात आणि मग आवरण बसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस या प्रतिस्पर्धी कन्सोलमध्ये जागा वाढवायला खास त्याच्यासाठी बनवलेले कार्ड घ्यावे लागते. ते बसवणे अधिक सोपे असले तरी बाजारातल्या स्पर्धेचा फायदा तिथे ग्राहकाला मिळत नाही. यूएसबीची साधी हार्ड डिस्कही प्लेस्टेशन 5 ला जोडता येते, पण तिच्यावरून केवळ प्लेस्टेशन 4 चे गेम खेळता येतात. प्लेस्टेशन 5 चे गेम तिथे नुसते ठेवता येतात. पुन्हा डाउनलोड करण्यापेक्षा तिथून आत आणणे कितीतरी जलद होते, त्यामुळे घरात जुनी हार्ड डिस्क पडून असेल तर ती जरूर कामाला लावावी.

दहा हजार रुपयांच्या बाजूने माझे सर्वांत मोठे कारण पुनर्विक्रीचे आहे. नवा मोठा गेम आज पाच हजार रुपयांच्या घरात जातो. डिस्क असेल तर तो संपवून विकता येतो, मित्राकडून बदलून घेता येतो, भावंडांत फिरवता येतो, किंवा मुळातच कोणाची वापरलेली डिस्क कमी किमतीत घेता येते. वर्षाला चार-पाच गेम घेणाऱ्या माणसाचे ड्राइव्हवरचे पैसे दोनेक वर्षांत वसूल होतात, आणि शाळकरी मुलांच्या घरात बहुधा त्याही आधी. डिजिटल गेमला यातले काहीच लागू नाही. तो खात्याशी बांधलेला असतो आणि आपण त्याचा वापर-परवाना घेतलेला असतो. कॅलिफोर्निया राज्याने तर 1 जानेवारी 2025 पासून विक्रेत्यांना हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगणे बंधनकारक केले आहे. शिवाय प्लेस्टेशन 4 च्या डिस्क या ड्राइव्हमध्ये चालतात आणि फोर-के ब्लू-रे चित्रपटही लागतात. प्लेस्टेशन 3 किंवा त्याआधीच्या डिस्क मात्र चालत नाहीत आणि गाण्यांची सीडीही वाजत नाही, हे घेण्याआधी माहीत असावे.

कंपनीचे ऑनलाइन दुकान बंद झाले की डिजिटल गेमचे काय होते, याची उदाहरणे आता जुनी नाहीत. निन्टेंडोने आपल्या वी यू आणि 3डीएस या कन्सोलचे दुकान 27 मार्च 2023 ला बंद केले, एक्सबॉक्स 360 चे दुकान 29 जुलै 2024 ला बंद झाले. सोनीनेही 2021 मध्ये प्लेस्टेशन 3 आणि हातात धरून खेळायच्या व्हीटाची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले होते, आणि ग्राहकांच्या संतापामुळेच तो निर्णय मागे घेतला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. ज्यांच्याकडे कार्ट्रिज आणि डिस्क आहेत, त्यांच्याकडेच ते उरले आहेत.

पण डिस्क हाती आहे म्हणजे गेम हाती आहे, असेही आता समजू नये. 2022 साली आलेल्या ‘कॉल ऑफ ड्युटी: मॉडर्न वॉरफेअर 2’ च्या प्लेस्टेशन 5 डिस्कवर शंभर एमबीहूनही कमी मजकूर होता, बाकी सारा गेम इंटरनेटवरून उतरवावा लागे. ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले, आणि डिस्क विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला. उलट ‘फायनल फँटसी 7 रिबर्थ’ दोन डिस्कवर पूर्ण दिलेला आहे, म्हणजे प्रकाशकाची इच्छा असेल तर अवाढव्य गेमही डिस्कवर देता येतो. निन्टेंडो स्विच 2 ने जून 2025 मध्ये आणलेली ‘गेम-की कार्ड’ याच वाटेने आणखी पुढे गेली आहेत: कार्डात गेम नसतो, तो डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्ड खाचेत ठेवायचे. पुनर्विक्रीचा हक्क त्यात शाबूत राहतो, हे मान्य करावे लागेल. जतनाचा मुद्दा मात्र निकालात निघतो. यामागे पैशाचे गणित आहे, कारण डिस्क छापणे स्वस्त असते, पण कार्डातली मेमरी क्षमतेनुसार महाग होत जाते आणि प्रकाशक तो खर्च टाळू पाहतो. प्लेस्टेशनच्या डिस्कला ही सबब नाही. म्हणूनच डिस्कवर अपुरा गेम देणाऱ्या प्रकाशकांना मी अधिक दोषी मानतो.

डिजिटल आवृत्ती कोणासाठी योग्य आहे, तेही सांगायला हवे. ज्यांच्याकडे वेगवान आणि भरवशाचे इंटरनेट आहे, जे सेलमध्येच गेम घेतात किंवा मासिक वर्गणीच्या गेमवर समाधानी असतात, आणि ज्यांना डिस्क बदलायला उठण्याचा कंटाळा आहे, त्यांचे दहा हजार रुपये वाचतील, आणि त्यात एक चांगली जादा एसएसडी घेण्याकडे मोठी मजल मारता येईल. सोनीच्या स्वतःच्या विक्रीतही पूर्ण गेमच्या सुमारे तीन-चतुर्थांश प्रती आता डिजिटल असतात. स्लिमच्या डिजिटल आवृत्तीला पुढे ड्राइव्ह जोडता येतो. पण सुटा ड्राइव्ह आपल्या शहरात मिळतो का, याची दुकानात आधी चौकशी करावी, नुसत्या आशेवर राहू नये. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये परदेशात आलेल्या प्लेस्टेशन 5 प्रोमध्ये तर ड्राइव्ह मुळातच वगळलेला आहे. तो कन्सोल भारतात त्या वेळी आला नाही, त्याचे कारण मात्र वेगळे होते: त्यातल्या वाय-फायला लागणारा 6 गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता.

डिस्क आवृत्ती घेणाऱ्यांनी कन्सोल घरी आणल्या दिवशीच इंटरनेट जोडून ड्राइव्हची नोंद उरकावी, आणि प्रत्येक गेम घेताना वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत ‘इंटरनेट आवश्यक’ किंवा ‘डाउनलोड आवश्यक’ अशा अर्थाची सूचना आहे का, ते पाहावे. ती असेल तर पूर्ण किंमत देऊ नये. डिस्क उभ्या, त्यांच्याच डब्यांत, सावलीत ठेवाव्यात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

माझ्याकडून या कन्सोलला साठवणुकीच्या निकषावर पाचपैकी चार गुण. उरलेला एक गुण सोनीने ड्राइव्हच्या नोंदणीची अट एखाद्या अपडेटने काढून टाकली, तर मी त्याच दिवशी देईन.