घरच्या स्टुडिओसाठी व्होकल माईक: यू ८७, टीएलएम १०३, सी ४१४ की एसएम७बी?

चांगला कंडेन्सर माईक (बाहेरून वीज लागणारा, अतिशय संवेदनशील प्रकार) गळ्यातले बारकावे टिपतो, तसा खोलीचा घुमाराही टिपतो. त्यामुळे घरासाठी माईक निवडताना आवाज आणि खोली दोन्ही एकत्रच बघावी लागतात. इथले चारही माईक नावाजलेले आहेत. प्रश्न एवढाच की कोणता कुठे शोभतो.

नॉयमनचा यू ८७ १९६७ साली आला. आज मिळतो तो यू ८७ एआय, १९८६ पासूनचा. याच्यात आवाजाचा मधला पट्टा पुढे येतो, म्हणून वाद्यांच्या गर्दीतही शब्द बुडत नाहीत. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा), ओम्नी (सगळीकडून) आणि फिगर-एट (पुढून आणि मागून) हे तीन पॅटर्न, म्हणजे माईक ऐकतो त्या दिशा, १० डीबीचा (डेसिबलचा) पॅड, म्हणजे माईकमधला सिग्नल कमी करणारं बटण, आणि खालची घरघर कापणारा लो-कट एवढं त्यावर मिळतं. पॅड न लावता तो ११७ डीबीपर्यंतच स्वच्छ राहतो. खुल्या आवाजात अगदी जवळून गाणाऱ्यांनी पॅड लावावाच, नाहीतर वरचे सूर फाटतात. इंटरफेसवरचा (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवरचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, कमी करून हे सुटत नाही, कारण आवाज माईकच्या आतच फाटलेला असतो.

टीएलएम १०३ ला ‘स्वस्तातला यू ८७’ म्हणतात, ते मला पटत नाही. कॅप्सूल (आवाज टिपणारा भाग) त्याच घराण्यातलं असलं तरी स्वभाव वेगळा आहे. ५ किलोहर्ट्‌झच्या वर साधारण ४ डीबीचा उठाव असल्याने दबक्या, जाड आवाजाला तो लगेच उजळवतो. ज्यांचे स, श, च मुळातच धारदार आहेत, त्यांच्या आवाजात मात्र हीच अक्षरं कानाला टोचतात. मग डी-एसर (अशा अक्षरांची धार कमी करणारा इफेक्ट) इतका जोरात लावावा लागतो की उच्चार बोबडे वाटू लागतात. पॅटर्न एकच, कार्डिऑइड. पॅड नाही, लो-कट नाही. त्याचा स्वतःचा नॉइज (माईकची सळसळ) फक्त ७ डीबी-ए (कानाला जाणवेल तसे मोजलेले डेसिबल), यू ८७ एआयचा १२. कागदावर हा फरक मोठा दिसतो, पण घरातली शांत खोलीसुद्धा २५-३० डीबीच्या आसपास असते. कॉम्प्युटरचा फॅन चालू असेल तर या आकड्यावरून माईक निवडण्यात अर्थ नाही.

बहुतेक घरांसाठी माझी पसंती एकेजी सी ४१४ एक्सएलएस. नऊ पॅटर्न, ६, १२ आणि १८ डीबीचे पॅड, ४०, ८० आणि १६० हर्ट्‌झचे लो-कट. एवढी बटणं बघून गोंधळू नका, घरात त्यांचा खरोखर उपयोग होतो. गिटार वाजवत गाणाऱ्यांनी माईक फिगर-एटवर ठेवून त्याची बाजू गिटारकडे करावी. त्या दिशेला हा पॅटर्न जवळजवळ बहिरा असतो, त्यामुळे गाण्याच्या ट्रॅकमध्ये गिटार बरीच कमी येते. त्याचाच भाऊ एक्सएलआयआय वरच्या पट्टीत जास्त चमकदार आहे. धारदार आवाजाला एक्सएलएसच बरा.

खोलीवर काहीच काम झालं नसेल तर सरळ डायनॅमिक (कमी संवेदनशील, बाहेरून वीज न लागणारा) माईक घ्यावा, म्हणजे शुअरचा एसएम७बी. तोंडापासून ५-१० सेंटिमीटरवर गायलं की थेट आवाज इतका वरचढ होतो की घुमारा मागे पडतो. अडचण गेनची आहे. याची संवेदनशीलता १.१२ मिलिव्होल्ट प्रति पास्कल, यू ८७ एआयची २८, म्हणजे तब्बल २५ पट, सुमारे २८ डीबीचा फरक. प्रीअँपमध्ये (माईकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागात) किमान ६० डीबी स्वच्छ गेन हवा. तो नसेल तर हळू गाण्यात सळसळ ऐकू येते आणि वेगळा बूस्टर जोडावा लागतो. हा खर्च आधीच धरून ठेवा.

आता खोली. फोम माईकच्या मागे लावायची पद्धत आहे, पण कार्डिऑइड माईक मागच्या बाजूने आधीच कमी ऐकतो. तो गाणाऱ्याकडे तोंड करून असतो, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत थेट त्याच्यासमोर येते. ती भिंत तोंडापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर परतणारा आवाज सुमारे १.२ मीटर जास्त फिरून येतो आणि १४० हर्ट्‌झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तिथला आवाज कमी होतो. पुरुषी आवाज पोकळ वाटण्याचं हे नेहमीचं कारण. पातळ फोम इतक्या खालच्या पट्टीत निरुपयोगी आहे. १० सेंटिमीटर जाडीचे रॉकवूलचे पॅनेल भिंतीपासून थोडे सोडून पाठीमागे लावा आणि शक्य असेल तर भिंतीपासून दूर उभं राहा.

कंडेन्सर माईक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर हवा, मध्ये पॉप फिल्टर (श्वासाचा झोत अडवणारी जाळी). त्याहून जवळ गेलं की खर्ज फुगतो. प, फ, ब, भ यांचे फटके तरीही येत असतील तर माईक थोडा तिरका करावा, म्हणजे श्वासाचा झोत बाजूने निघून जातो.

निवड करताना आपल्याच आवाजात, एकाच अंतरावरून, एकच ओळ प्रत्येक माईकवर घ्या आणि सगळ्यांची पातळी अर्ध्या डीबीच्या आत जुळवा. नाहीतर जो जोरात वाजतो तोच चांगला वाटतो. शिवाय ट्रॅक एकटा ऐकू नका, वाद्यांसोबत ऐका. एकट्याने ऐकताना गोड वाटणारा खर्ज मिक्समध्ये बहुतेक वेळा कापावाच लागतो.

वापरलेला कंडेन्सर माईक घेत असाल तर फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला जाणारी वीज) देऊन दहा मिनिटं थांबा, मग गेन वाढवून शांतता ऐका. तडतड आली तर कॅप्सूलमध्ये ओल किंवा मळ असू शकतो. मग माईकला फिगर-एट असेल तर त्यावर पुढून आणि मागून सारख्याच अंतरावरून एकच वाक्य बोला. दोन्ही बाजूंच्या पातळीत ठळक फरक असेल तर तो माईक घेऊ नका.