लोआरकाठी चार दिवस: होडी झकास, दुर्बीण भंगार

जूनमध्ये फ्रान्समधल्या ब्लवाजवळ, लोआर नदीकाठच्या एका गेस्टहाउसात उतरलो होतो. खोली ठीक. नाश्ता मात्र साडेआठनंतरच. पक्षी बघायला आलेल्यानं तोवर काय करायचं? त्यांनी दिलेल्या दुर्बिणीला बुरशी, त्यामुळे सगळे बगळे धुक्यात!

पण पहाटेची होडी, वा! लाकडी, सपाट बुडाची, इंजिन बंद करून प्रवाहावर सोडलेली. वाळूच्या बेटांवर छोट्या सुरयांची घरटी असतात, म्हणून तिथं उतरायला बंदी. नावाडी लांबच थांबला. एक सुरय हवेत जागच्या जागी फडफडला, धपकन पाण्यात पडला आणि चोचीत चंदेरी मासोळी घेऊन थेट मादीपुढे. तिनं आधी मान फिरवली, मग घेतली.

परतताना खंड्या दिसला, अगदी आपल्याकडचाच. बायको म्हणाली, "ह्याच्यासाठी व्हिसा काढला होय?"