गोव्यातला सौरऊर्जेचा लिलाव: स्वस्त दर हवा की उभे राहणारे प्रकल्प?

निविदा काढण्याआधी वीज खात्याने एक गोष्ट ठरवायला हवी. सर्वांत स्वस्त वीज हवी, की गोव्याच्या हद्दीत पॅनेल बसायला हवेत? दोन्हींसाठी एकच लिलाव ठेवला, तर दरच जिंकतो.

निव्वळ दरावरचा उलटा लिलाव, म्हणजे सर्वांत कमी दर मागणारा जिंकतो तो, देशात चांगला रुळला आहे. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला युनिटचा दर २ रुपये ४४ पैशांवर आला, २०२० च्या डिसेंबरात गुजरातेत १ रुपया ९९ पैशांवर. पण त्यात तिथले ऊन आणि मोकळे माळरान धरलेले आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. आपल्याकडे सड्यावर किंवा कोमुनिदादीत, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीत, एवढी जागा मागितली की वाद ठरलेलाच, त्यात चार महिने आभाळ भरलेले. घाऊक वीज बाहेरून घ्यायची तर हाच लिलाव बरा. फक्त वीजवाहिनीचा खर्च दरात धरा आणि बाहेरची वीज आणण्यासाठीच्या तमनारच्या वाहिनीवरून मोलेच्या जंगलासाठी उठलेला विरोध विसरू नका.

गोव्यातल्या छोट्या प्रकल्पांसाठी वेगळा कोटा मला पटतो, पण जपून. जर्मनीने २०१७ मध्ये नागरिकांच्या पवनऊर्जा कंपन्यांना आधी परवाना न घेता बोली लावू दिली, वर मुदतही वाढवून दिली. नव्वद टक्क्यांहून अधिक क्षमता त्यांनीच पटकावली आणि त्यातले बरेचसे प्रकल्प झालेच नाहीत. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये प्रकल्प न उभारल्याबद्दल दंडच नव्हता. तिथेही बोली स्वस्त आणि पवनचक्क्या कागदावर.

दक्षिण आफ्रिका दराला ७० आणि स्थानिक रोजगार, मालकी वगैरेंना ३० गुण देत असे. आपल्या आकाराच्या निविदेला एवढी गुणपत्रिका झेपणार नाही.

माझा कौल रीव्याच्या धर्तीवरच्या तयारीला. मध्य प्रदेशात तिथे ७५० मेगावॅटसाठी जमीन आणि पैसे वेळेवर मिळण्याची हमी आधी उभी केली, म्हणून २०१७ मध्ये पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे मिळाला. आपण जमिनीऐवजी छपरे घ्यावीत: वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेड, सरकारी शाळा. कोणते छप्पर किती भार पेलते, जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर किती जागा आहे, मालकाची संमती आहे का, हे निविदेतच छापा. बोलीदाराकडून जप्त करता येईल अशी अनामत घ्या. बोलीत मागता येणारा कमाल दर मात्र फार खाली ओढू नका. २०२३ मध्ये ब्रिटनच्या लिलावात समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी तेवढ्यावरून एकही बोली आली नव्हती.