काही महिने स्टाईल्स वापरून: कादंबरीचं ई-बुक आणि तो ‘कॉम्प्लेक्स’ कप्पा

ई-बुक करून देणाऱ्याने एका प्रकरणाचं नाव बदलायचे वेगळे पैसे मागितले आणि माझं डोकं फिरलं. फाईल उघडली तर प्रत्येक शीर्षक हाताने मोठं केलेलं, नवं पान आणायला एंटरवर एंटर. मोबाईलवर मध्येच कोरी पानं येत होती ती यामुळेच. मग लिब्रेऑफिस रायटर हे वर्डसारखं सॉफ्टवेअर घेतलं (फुकट आहे, दुसरं कारण नाही) आणि एफ ११ दाबून स्टाईल्सच्या मागे लागले. स्टाईल म्हणजे शीर्षक, परिच्छेद, पत्र अशा एकेका प्रकाराचं रूप एकाच जागी ठरवून ठेवायची सोय.

प्रकरणाच्या नावाची स्टाईल म्हणजे हेडिंग १, तिच्यात पेज ब्रेक (नवं पान सुरू करायची खूण) एकदा दिला की काम संपलं, अनुक्रमणिकाही त्यातूनच निघते. हे सगळे सांगतात.

कोणी सांगत नाही ते फॉन्टचं. स्टाईलमध्ये रोमन लिपीचा कप्पा वेगळा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा, ‘कॉम्प्लेक्स’ नावाचा, वेगळा. पहिल्यात आकार १४ करा नाहीतर १८, मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. ठळक, तिरपं, सगळं दोनदा. प्रत्येक स्टाईलला! या एका गोष्टीपायी मी घरात चिडचिड केली आहे.

मधे मत जरा बदललं. कादंबरीत इंग्रजी ईमेल आहेत. मराठीशेजारी रोमन अक्षरं थोराड दिसायची, ती तेवढीच लहान करता आली. शिवाय किंडलवर फॉन्ट आणि आकार वाचकच ठरवतो, म्हणजे मुख्य मजकुरासाठी एवढं झगडायची गरजच नव्हती. तिथे आता फक्त पहिल्या ओळीचा इंडेंट (सुरुवातीची मोकळी जागा) ठेवते, तोही स्टाईलमधून, टॅबने नाही.

खरा आनंद पत्रांनी दिला. नायिकेच्या आईची पत्रं तिरप्या अक्षरांत होती. देवनागरी तिरपी केली की वाचताना डोळे दुखतात, असं मैत्रीण म्हणाली. ‘पत्र’ या स्टाईलमध्ये एकदा बदल केला, पुस्तकभरची पत्रं सरळ झाली. शिवाय दोन्ही बाजूंनी थोडी जागा सोडली. खर्च शून्य.

जुन्या फाईलवर काम करणार असाल तर सगळं निवडून लगेच कंट्रोल एम दाबू नका. हाताने केलेलं फॉर्मॅटिंग जातं, पण मुद्दाम तिरपे केलेले शब्दही त्यातच जातात. ते आधी वहीत टिपा. रिकामे परिच्छेद उडवायच्या आधी, दृश्य बदलतं तिथल्या परिच्छेदाला वर जागा सोडणारी वेगळी स्टाईल द्या, नाहीतर दोन दृश्यं एकमेकांना चिकटतील.

पाचपैकी चार तारे. विकत घ्यावं लागलं असतं तर ‘कॉम्प्लेक्स’ कप्प्यासाठी आणखी एक कापला असता.